गावात किंवा सोसायटीत बीपी तपासणी कशी घ्यावी, आणि त्यानंतर काय करावं

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने गणपतीत बीपी तपासणी शिबिर घेतलं. दोन मशीन, तीन तास, दीडशेच्या वर माणसं. रात्री आरतीनंतर आकडा जाहीर केला, टाळ्या झाल्या. त्या दिवशी आमच्या आळीतल्या एका काकांचं बीपी १७८/१०४ आलं होतं. चिठ्ठीवर आकडा लिहून, खाली ‘डॉक्टरांना दाखवा’ असं लिहून आम्ही ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली. दिवाळी झाली आणि एका पहाटे त्यांची उजवी बाजू गेली. लकवा. दवाखान्यात त्यांच्या मुलाने मला विचारलं, “तुम्हाला माहीत होतं, मग घरी येऊन का नाही सांगितलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. तपासणीचा दिवस हे कामाचं पहिलं पान, आणि खरी वही त्यानंतर सुरू होते, हे धरूनच आता सगळं आखतो. तुमच्या वाडीत, सोसायटीत, बचत गटात किंवा कारखान्यात असं काही करायचं मनात असेल, तर त्यासाठी हा लेख.

हे करायचं कशासाठी

बीपी दुखत नाही. डोकं जड होणं, चक्कर, घाम ही लक्षणं बहुतेकांना नसतातच. त्यामुळे ‘मला काही होत नाही’ हे वाक्य बीपीच्या बाबतीत काहीच सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यांतल्या जेमतेम ३७ टक्क्यांचं निदान झालेलं आहे आणि साधारण १५ टक्क्यांचंच बीपी ताब्यात आहे. दुसऱ्या बाजूला, वरचं बीपी (दोन आकड्यांतला पहिला) १० अंकांनी खाली आणलं तर लकव्याचा धोका साधारण पाव हिश्श्याने कमी होतो, हे मोठ्या अभ्यासांमधून दिसलं आहे. एवढा फायदा देणारं काम आपल्या हातात असताना ते अर्धवट करू नये.

पहिलं काम: तारीख ठरवण्याआधी आरोग्य केंद्रात जा

आम्ही आधी बॅनर छापायचो आणि मग डॉक्टर शोधायचो. क्रम उलटा हवा. आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना भेटा. त्यांना तीन गोष्टी विचारा. बीपीच्या गोळ्या सध्या केंद्रात आहेत का? बीपी-शुगरच्या रुग्णांना कोणत्या वारी बघतात? आणि आमच्याकडून माणूस आला तर त्याचं नाव कोण लिहून घेईल?

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगर तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे. आशाताई घरोघरी त्याचा फॉर्म भरतात. तुमचं शिबिर त्याला जोडलं गेलं पाहिजे, समांतर चालता कामा नये. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्या राज्यातून पहिल्यांदा सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे घेतले होते. त्या उपक्रमाचा गाभा साधा होता: ठरलेली मोजकी औषधं, गोळ्या घराजवळच्या केंद्रातच मिळणं, प्रत्येकाचं कार्ड आणि जो ठरलेल्या दिवशी आला नाही त्याला फोन. हे शेवटचं काम गावातली माणसं उत्तम करू शकतात, कारण कोण कुठे असतं ते आपल्याला ठाऊक असतं.

शहरातल्या सोसायटीत सभासदांपैकी एखादे डॉक्टर असतात. तपासणीत ज्यांचं बीपी जास्त आढळेल त्यांना पुढच्या आठवड्यात ते बघतील का, हे त्यांना आधीच विचारून ठेवा.

जागा आणि वेळ

समाजमंदिरात शिबिर घेतलं की तीच माणसं येतात: सेवानिवृत्त, आधीच गोळ्या घेणारी, आणि काही बायका. पस्तीस-चाळीस वर्षांचा पुरुष येत नाही. तोच सगळ्यात जास्त सुटतो. तो सापडतो दूध डेअरीवर, सलूनमध्ये, गिरणीत, रिक्षा स्टँडवर, गॅरेजमध्ये. आमच्याकडे सर्वांत उपयोगी ठरली ती दूध संकलनाची डेअरी. माणसं तिथे रोज सकाळ-संध्याकाळ येतात, म्हणजे दुसऱ्यांदा मोजायला बोलवावं लागत नाही. किनारपट्टीला बोटी लागतात तो धक्का, सोसायटीत सकाळी फिरायला जायचं गेट, असं तुमचं ठिकाण तुम्ही शोधा.

एकादशी, चतुर्थी, नवरात्र टाळा. उपासाच्या दिवशी बरेच जण गोळी घेत नाहीत, दिवसभर चहावर असतात, साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले वेफर्स खातात. त्या दिवशीच्या आकड्यावरून नेहमीचं बीपी कळत नाही.

मशीन

दंडाला पट्टा बांधायचं, आपोआप फुगणारं डिजिटल मशीन घ्या. मनगटाचं नको. स्मार्ट घड्याळावर तर तपासणी मुळीच करू नका. ज्या मॉडेलची अचूकता पारखलेली आहे तेच निवडा. आरोग्य केंद्रात किंवा ओळखीच्या डॉक्टरांना मॉडेल दाखवून मग पैसे द्या.

पट्ट्याच्या मापाकडे आपण लक्षच देत नाही, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटं जास्त दिसतं. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर खोटं कमी दिसतं. शिंप्याचा टेप ठेवा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजा. नेहमीचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराला चालतो, पण पट्ट्यावर छापलेला आकडा वाचा. त्याहून जाड दंडांसाठी मोठा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागतो. तो खर्च करा. वर्षातून एकदा मशीन आरोग्य केंद्रात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून बघा.

मोजायचं कसं: इथे घाई करू नका

तीन तासांत दीडशे माणसं म्हणजे दोन मशीनवर माणशी सव्वादोन-अडीच मिनिटं. एवढ्या वेळात बीपी नीट मोजताच येत नाही, हे मला आज कळतं. एका माणसाला किमान आठ-दहा मिनिटं लागतात. म्हणून दोन मशीन असतील तर पाच मिनिटं बसवण्याची सोय वेगळी ठेवा, म्हणजे मशीन रिकामं राहत नाही आणि माणूसही धापा टाकत मशीनसमोर येत नाही.

खुर्च्यांच्या दोन रांगा लावा. पहिली रांग शांत बसायची. तिथे एक कार्यकर्ता फक्त एवढंच बघतो की पाच मिनिटं कोणी बोलत नाही, मोबाइल बघत नाही. तिथे बसण्याआधी प्रत्येकाला विचारायचं: गेल्या अर्ध्या तासात चहा, बिडी, तंबाखू, मशेरी? सायकल दामटत किंवा जिना चढून आलात? लघवीला जायचंय? मशेरीचं नाव घेऊनच विचारा. ‘तंबाखू खाता का’ म्हटलं की बायका ‘नाही’ म्हणतात, आणि ते त्यांच्या दृष्टीने खरंच असतं. लघवी तुंबलेली असली की बीपी दहा अंकांनीही चढतं, तेव्हा शौचालय जवळ आहे अशीच जागा निवडा. आणि शिबिराचा पाहुणचाराचा चहा तपासणीनंतर द्या. दारातच चहा देणारी शिबिरं मी पाहिली आहेत.

मशीनच्या खुर्चीला पाठ हवी. पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. हात टेबलावर सैल ठेवलेला आणि दंड छातीच्या पातळीला. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी किंवा जाड पुस्तकं ठेवा. हात खाली लोंबता राहिला तर आकडा दहा-दहाने वाढतो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. फुल शर्टाची बाही गुंडाळून वर सरकवली तर तिचाच फास बसतो, त्यापेक्षा हात बाहीतून काढायला सांगा. ब्लाउजची बाही घट्ट असते. म्हणून बायकांसाठी पडद्याची वेगळी जागा आणि पट्टा बांधायला बाईच हवी. ही सोय नसेल तर त्या नुसत्या येतात, बाहीवरून मोजून घेतात आणि आकडा चुकतो.

मशीन चालू झालं की दोघांनीही गप्प बसायचं. आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड. पट्टा फुगत असतानाच ‘काय तात्या, ऊस गेला का?’ असं विचारलं जातं, तात्या उत्तर देतात आणि आकडा चढतो.

पहिला आकडा लिहा. एक-दोन मिनिटं थांबून दुसरा घ्या. दोघांत बराच फरक असेल तर तिसरा घ्या आणि शेवटच्या दोघांची सरासरी लिहा. पहिल्यांदा येणाऱ्याचे दोन्ही हात तपासा. ज्या हाताचं बीपी जास्त येईल तोच हात पुढे नेहमी वापरायचा. तो कोणता, ते वहीत नोंदवा.

आकडा सांगताना

आकडा मोठ्याने सांगू नका. रांगेतल्या चार जणांनी ऐकलं की संध्याकाळपर्यंत ते गावभर होतं, आणि पुढच्या वेळी तो माणूस येत नाही.

१२०/८० च्या खाली उत्तम. तिथून १३९/८९ पर्यंत असेल तर गोळीचं बोलू नका, मीठ, वजन, तंबाखू आणि चालणं याविषयी बोला, आणि वर्षभराच्या आत पुन्हा मोजायला बोलवा. १४०/९० किंवा त्यापुढे, म्हणजे दोन्हींपैकी एक आकडा जरी तेवढा असला तरी, बीपी जास्त आहे. पण एका दिवसाच्या मोजणीवरून ‘तुम्हाला बीपी आहे’ असं कार्यकर्त्याने म्हणायचं नाही. ‘आज जास्त आलंय, आठवड्याभरात दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजू’ एवढंच म्हणायचं. निदान डॉक्टर करतील. १६०/१०० च्या पुढे असेल तर दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडे. १८०/११० किंवा त्यापुढे असेल तर शांत बसवून पुन्हा मोजायचं, आणि तेवढंच आलं तर त्याच दिवशी, सोबत माणूस देऊन पाठवायचं.

एवढ्या बीपीबरोबर छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक नीट न दिसणं किंवा भयंकर डोकेदुखी, यांतलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा. बीपी कमी आलं तरी ही लक्षणं असली की थांबायचं नाही. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. जिभेखाली कुणाची तरी गोळी ठेवणं, कांदा हुंगवणं, पाणी पाजणं असलं काही करू नका.

गरोदर बाईचं बीपी १४०/९० आलं तर ‘आठवड्याने बघू’ चालत नाही. त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. डोकं दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं किंवा तोंड-हात सुजणं असेल तर तासाचाही उशीर नको.

आणि ‘वय अधिक शंभर चालतं’ हे कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. पासष्ट वर्षांच्या माणसाला १६५ चालतं, ही समजूत आजही पारावर ऐकू येते, आणि तिच्यापायी माणसं लुळी पडली आहेत.

वही

आता मुख्य काम. दोनशे पानी वही घ्या. नाव, वय, दंडाचं माप, कोणता हात, पहिल्या दिवसाचे आकडे. त्याच ओळीत पुढे रिकामे चौकोन: एक आठवडा, एक महिना, तीन महिने, सहा महिने. ज्यांचं जास्त आलंय त्यांची नावं वेगळ्या पानांवर उतरवा. ही वही कपाटात राहील, चौकात उघडी पडणार नाही, आणि डॉक्टर व आशाताई सोडून कोणाला दाखवायची नाही.

दर दहा-पंधरा घरांमागे एक माणूस नेमा. बचत गटाच्या बायका हे काम सगळ्यात चिकाटीने करतात, असा माझा अनुभव. पहिल्या आठवड्यात त्यांनी फक्त एवढंच बघायचं: माणूस डॉक्टरांकडे गेला का? गेला नसेल तर का नाही? मजुरी बुडते, एसटी नाही, नवरा ‘काही होत नाही’ म्हणतो. यांतल्या बहुतेक अडचणी बोलून सुटतात. एसटी नसेल तर कोणाची तरी दुचाकी निघते.

एका महिन्यानंतर वेगळे प्रश्न येतात, कारण तेव्हा गोळ्या सुटायला लागतात. ‘बीपी नॉर्मल आलं म्हणून बंद केली’ हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळे, हे न रागावता सांगायचं. ‘एकदा सुरू केली की आयुष्यभर चिकटते’ ही भीती खरी मानून तिच्यावर बोला: बीपी आयुष्यभराचं आहे म्हणून गोळी आहे. वजन आणि मीठ उतरलं तर डॉक्टर मात्रा कमीही करतात, पण ते त्यांनी करायचं. अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींच्या पायांना सूज येते. माणूस गुपचूप गोळी बंद करतो. ‘पाय सुजतात का?’ असं तुम्हीच विचारा, आणि डॉक्टरांना गोळी बदलून देता येते हे सांगा. उपासाच्या दिवशी पाणी चालत असेल तर गोळीही चालते. निर्जळी करणाऱ्यांनी डॉक्टरांशी आधी बोलावं. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी केंद्रात जाऊन जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात आणि कार्ड सोबत न्यावं.

‘का नाही घेतली?’ असं विचारलं की माणूस खोटं बोलतो. ‘किती उरल्यात?’ असं विचारून पाकीट बघा.

गोळ्या नीट घेऊनही बीपी खाली येत नसेल तर दोन गोष्टी विचारा. गुडघे-कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या चालू आहेत का? त्यांनी बीपी चढतं. आणि घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळता का? रोज आणि जास्त खाल्लं तर ज्येष्ठमधही बीपी वाढवतो. हे दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घाला.

मिठाच्या पिशवीवर तारीख

प्रतिबंधाचं भाषण कोणी ऐकत नाही. त्याऐवजी एकच काम द्या: मिठाची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर मार्करने तारीख लिहा.

दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट चहाचा चमचा. चार माणसांना महिन्याला ६०० ग्रॅम. एक किलोची पिशवी किमान पन्नास दिवस पुरली पाहिजे, आणि तीही बाहेरचं काही खाल्लं नाही तर. तीस दिवसांत संपली तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलं. मुंबईतल्या २०२१ च्या पाहणीत सरासरी साधारण तेवढीच निघाली होती. लोणचं घालायला, भाज्या धुवायला लागलेलं मीठ वेगळं धरा. हा हिशेब बायकांच्या बरोबरीने पुरुषांसमोरही मांडा, कारण ‘आमटी अळणी झाली’ म्हणणारे तेच असतात.

मग कुठून कमी करायचं? चपाती-भाकरीच्या पिठात मीठ नको, कुणाला पत्ताही लागत नाही. ताक, फळं, काकडी यांवर वरून नको. ताटात वाढायची मिठाची पद्धत बंद. लोणचं, पापड, खारवलेली मिरची यांपैकी एका जेवणाला एकच, तेही चवीपुरतं. पापडखारात सोडियमच असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फरसाण, वेफर्स, वडापावबरोबरची तळलेली मिरची, नूडल्सचा मसाला यांचं मीठ पिशवीच्या हिशेबात येतच नाही. कोकणात सुका बांगडा आणि खारं वर्षभर असतं. ते दोनदा भिजवून पाणी टाकून द्या आणि कालवणात वेगळं मीठ घालू नका. एकदम अर्धं केलं तर घरात भांडण होतं. दर आठवड्याला थोडं कमी करत तीन-चार आठवड्यांत जीभ जुळवून घेते. लिंबू, आमसूल, आलं, ओली मिरची, जिरं यांनी चव भरून निघते.

सैंधवाचं विचारतातच. सैंधव म्हणजेही सोडियम क्लोराइडच, त्याने काही वाचत नाही. दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतो. चीनमध्ये ६०० गावांत असं मीठ वापरून बघितलं, त्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला: लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. पण किडनीचा त्रास असलेल्यांना, आणि टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या काही गोळ्या चालू असलेल्यांना पोटॅशियम वाढून धोका होऊ शकतो. अशा घरात डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ आणू नका.

चालणं, वजन, दारू, तंबाखू यांबद्दल थोडक्यात: आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, वजन उतरवलं तर किलोमागे साधारण एक अंक बीपी खाली, दारू जितकी कमी तितकं बरं, तंबाखू-मशेरी बंद.

सहावा महिना

सहा महिन्यांनी वेगळ्या काढलेल्या पानांवरचं प्रत्येक नाव पुन्हा मोजा, अगदी तशाच शांत रांगेत बसवून. सरपंचांना किंवा सोसायटीच्या सभेत सांगायचा आकडा एकच: वहीत ज्यांचं बीपी जास्त होतं, त्यांतल्या किती जणांचं आज १४०/९० च्या खाली आहे. किती जणांना तपासलं, हा आकडा आम्ही आता सांगत नाही.

त्या दिवशी काही चौकोन रिकामे राहतील. कोणी मुंबईला मुलाकडे गेलेलं असतं, कोणी रुसलेलं असतं, कोणाला भीती वाटत असते. गेलेल्यांना फोन करा. बाकीच्यांकडे मशीन पिशवीत घालून रविवारी सकाळी घरी जा, चहाच्या आधी.